पाण्याचा मान

शैलजाबाई दाणी दुपारच्या झोपत नाहीत, असं त्या गावभर सांगतात. झोपतात. रोज झोपतात आणि चांगल्या घोरतात. आज मात्र खरंच झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची आहे, आणि पाठसुद्धा अशी जपून टेकली आहे की अंगावरच्या साडीची इस्त्री मोडू नये. मोतिया रंगाची, बारीक काठाची साडी. पाच वाजता पालकसभा आहे. पालकसभेत मुख्याध्यापिका अशी दिसावी लागते की तिने पुष्कळ विचार केलेला आहे आणि तो तिला मुळीच जड गेलेला नाही.

उशाशी स्टीलची बाटली आहे. बाई जातील तिथे ही बाटली जाते. घरचं उकळून गार केलेलं पाणी. पोट नाजूक आहे हो माझं, असं त्या म्हणतात. हे नाजूक पोट लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह कसा सोसतं, हे कुणी विचारत नाही, कारण बाई मोठ्या आहेत आणि नेवरगाव लहान आहे.

सभेत काय बोलायचं ते तोंडपाठ आहे. पालकहो, काळ बदलला आहे. बालशिक्षणही बदलायला हवं. आरोग्याच्या दृष्टीने येत्या सोमवारपासून प्रत्येक मुलाने आपापली बाटली आणावी, शाळेतला माठ बंद करण्यात येत आहे. मग टाळ्या. मग चहा आणि बिस्किटं.

आता हा माठ काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, एका माठासाठी एवढं काय.

शैलजाबाईंची शाळा, चिवचिव बालमंदिर, अंबूताई गद्र्यांनी काढलं. देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि ज्याला त्याला काहीतरी नवं काढायचं होतं. कुणी पक्ष काढला, कुणी पतपेढी काढली, अंबूताईंनी बालमंदिर काढलं. तोवर नेवरगावात लहान मूल म्हणजे एकतर घरात रडणारं नाहीतर शाळेत मार खाणारं. अंबूताईंनी बुटकी कपाटं करून घेतली, वाळूचा हौद बांधला, मुलांच्या हातात माती, मणी आणि खरी कात्री दिली, आणि छडी घेऊन आलेल्या मास्तराला स्वतः फाटकाबाहेर घालवलं. असं करणारे पुढे इतरही निघाले. पण अंबूताईंची खास त्यांची अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे पाण्याचा मान.

अंगणात कडुलिंबाखाली मोठा माठ. रोज एका मुलाकडे पाण्याचा मान. त्या मुलाने ओगराळं घेऊन पाटावर उभं राहायचं, आणि बाकी सगळ्यांनी रांगेने येऊन, त्याच्यासमोर गुडघे टेकून, ओंजळ करून पाणी प्यायचं. पेला नाही, भांडं नाही. ओंजळीत वरून पाणी कुणाला घालतात हे त्या काळी गावाला चांगलं ठाऊक होतं, आणि अंबूताईंनी अख्ख्या गावाची पोरं त्या ओंजळीवर आणून बसवली. सावकाराच्या नातवालाही तीच ओंजळ आणि झाडूवाल्यांच्या वस्तीतल्या चंद्रीलाही तीच. चंद्रीचा मान आला त्या दिवशी निम्म्या आयांनी आपली मुलं उचलून घरी नेली. अंबूताई हटल्या नाहीत. पुढे एक मंत्री आले, तेही गुडघ्यांवर बसून एका पोराच्या हातचं प्यायले. त्याचा फोटो ऑफिसात आहे. वर्धापनदिनाला त्याला हार पडतो आणि शैलजाबाई त्याच्यासमोर उभ्या राहून भाषण करतात. भाषण चांगलं करतात.

यंदा कचरा डेपोमागच्या वस्तीतली करिश्मा राखीव जागेवर आली. दोन लाल रिबिनी, आणि आवाज असा की फाटकापर्यंत जावा. आल्या दिवशी तिने माठ पाहिला, पाटावर उभं राहिलेलं मूल पाहिलं, आणि तेव्हापासून रोज तिचं एकच विचारणं. बाई, माझा मान कधी? तिची आई सांगते, पोरगी घरी डावाने बादलीतलं पाणी काढते आणि शेजारच्या म्हातारीला बळेच ओंजळ करायला लावते. तिचा मान येत्या सोमवारी आहे. आणि माठात जंतू असतात हा शोध पालकांना नेमका याच आठवड्यात लागला. आयांच्या फोनवरच्या ग्रुपवर एकीने इन्फेक्शन असा शब्द टाकला, दुसरीने त्यावर अंगठा उमटवला, आणि संध्याकाळपर्यंत नेवरगावातल्या सगळ्या आया वैद्य झाल्या. शैलजाबाईंनी मूग गिळले. माठ रिकामा करवला आणि मागच्या दारी पालथा घालून ठेवायला सांगितला. करिश्माला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

पंखा फिरतो आहे. त्याचं एक पातं वाकडं आहे, दर फेरीला कट् करतं. कट्. पालकहो. कट्. काळ बदलला आहे. कट्. मग पंखा फिरतच राहतो पण कट् थांबतं, त्याच्या जागी माठात कळशी रिकामी केल्याचा आवाज येऊ लागतो, आणि छत हळूहळू खाली येऊन हाताला लागेल एवढं होतं. पलंगही बुटका झालेला आहे. पाय खाली सोडले तर गुडघे हनुवटीला लागतात. शैलजाबाई बालमंदिराच्या व्हरांड्यात मुलांच्या खुर्चीवर बसलेल्या आहेत. साडीला सुरकुती पडलेली नाही ना, हे त्या आधी बघून घेतात.

समोर बुटक्या कपाटावर अंबूताई बसल्या आहेत. जाडीभरडी खादी, कपाळावर त्यांची ती ठरलेली आठी, आणि मांडीवर तांब्याचा तांब्या, वर पालथं घातलेलं फुलपात्र. अंबूताईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. शैलजाबाईंनीच शोकसभेचं प्रास्ताविक केलं होतं.

"ताई, तुम्ही गेलात ना?"

"गेले. म्हणून काय झालं?"

अंबूताई भिंती बघू लागतात. भिंतीवर हल्लीच रंगवून घेतलेलं चित्र आहे, बर्फाचा माणूस, गळ्यात मफलर, नाकाच्या जागी गाजर. अंबूताई त्याच्याकडे बराच वेळ बघतात. मग विचारतात, नेवरगावात बर्फ पडायला कधीपासून लागला? शैलजाबाई सांगतात की पालकांना आवडतो, प्रवेश वाढतात. अंबूताई नाकाने एक आवाज काढतात. हा आवाज शैलजाबाईंच्या चांगल्या ओळखीचा आहे. तरुणपणी त्यांनी इथे नोकरी धरली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं त्यांना शिक्षण म्हणून जे काही मिळालं ते बहुतेक याच आवाजात मिळालं.

"तहान लागलीय," अंबूताई म्हणतात. तांब्या उपडा करून दाखवतात. त्यातून पाण्याऐवजी थोडी वाळू पडते.

शैलजाबाई बाटली पुढे करतात. अंबूताई ती घेतात, झाकण फिरवतात, उलटी करतात. थेंब येत नाही. हलवली की आत पाणी डचमळतं, पण बाहेर येत नाही. ही तुझी आहे, दुसऱ्याला द्यायची नसते ती, असं म्हणून अंबूताई बाटली परत देतात, अशी की जणू कुणी त्यांच्या हातात चप्पल दिली होती. चल, पाणी शोधू.

त्या उठतात, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या थेट एका मांडवात उतरतात. मांडव लांबच लांब आहे. व्यासपीठावर एक मंत्री मुलांच्या खुर्चीत रुतून बसले आहेत. ते उठतात तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठते. माइक हातात घेऊन ते जाहीर करतात की आजपासून या राज्यातलं मूल खेळत खेळत शिकेल. टाळ्या. ते खाली बसतात, टोपी बदलतात, पुन्हा उठतात, आणि जाहीर करतात की फार झाला खेळ, आजपासून मूल लिहील. टाळ्या. पुन्हा टोपी. आजपासून मूल इंग्रजीत बोलेल. टाळ्या. आजपासून मूल मातृभाषेत फुलेल. टाळ्या त्याच, टाळ्या वाजवणारेही तेच, फक्त गळ्यातल्या उपरण्यांचे रंग पालटतात. मागे फलक लिहिणारा माणूस शिडीवर चढलेला आहे, तो जुनं नाव पुसतो न पुसतो तोच त्याला नवं सांगतात. बालवाडी, बालवाटिका, बालकेंद्र, बालविकास. मांडवाबाहेर उन्हात मुलं बसवलेली आहेत. सकाळपासून बसवलेली असावीत, कारण त्यांच्या हातातली कागदी झेंडुकली वाकली आहेत. त्यांच्यासाठी पाणी आहे का, असं शैलजाबाई एका कार्यकर्त्याला विचारतात. तो सांगतो, पाहुण्यांसाठी आहे.

"माझ्या वेळी असंच होतं," अंबूताई म्हणतात. "टोप्या एकाच रंगाच्या होत्या, एवढंच."

मांडवाची एक कनात वर करून त्या आत जातात तर आत पालकसभा भरलेली आहे. पाच वाजलेले दिसतात. शैलजाबाईंना भाषणाचं पहिलं वाक्यच आठवत नाही. आया मुलांच्या खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मांडीवर मुलाच्या जागी एकेक बाटली आहे, नीट पांघरूण घातलेली. चिन्मयची आई उठते. ग्रुपवर इन्फेक्शनचा शब्द हिनेच टाकला होता. गोड बाई आहे. कधी आवाज चढवणार नाही.

"आमचं तसलं काही नाही हं मॅडम," ती म्हणते. "मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, म्हणून."

शैलजाबाई मान हलवतात. त्यांना मान हलवायची सवय आहे. मान हलवताना त्यांची नजर मागच्या रांगेकडे जाते, तर तिथे हीच बाई पुन्हा उठून उभी राहिलेली. नऊवारी, नाकात नथ, कडेवर रडणारं पोर, आणि पोराला घरी न्यायला निघालेली. चेहरा तोच, गोडवाही तोच.

"आमचं काही नाही हो ताई," ती म्हणते. "सासूबाईंना चालत नाही, म्हणून."

अंबूताई खो खो हसतात. त्यांचं हसणं कधीच चांगलं नव्हतं, मेल्यावरही सुधारलेलं नाही. "बघ. पन्नास वर्षं शिकवलं यांना. साडी तेवढी बदलली. आणि तू काय म्हणालीस हिला?"

"विचार करते म्हणाले."

"म्हणजे हो म्हणालीस."

"ताई, तुमच्या वेळी आया तुम्हाला घाबरायच्या. आता मी आयांना घाबरते."

हे बोलून गेल्यावर शैलजाबाईंना बरं वाटतं. खरं बोलल्यावर माणसाला घटकाभर बरं वाटतंच. पण अंबूताई कुठे ऐकून घेणार? कोण घाबरत होतं मला, म्हणतात. फाटकावर शेण फासलं होतं. दूधवाल्याने दूध बंद केलं होतं. निम्मी मुलं गेली, उरलेल्या निम्म्यांना घेऊन मी रोज वर्ग भरवला आणि रोज मान दिला. आणि तुम्ही? फलक रंगवता. माझ्या वाळूच्या हौदावर फरशी घातलीत आणि माझे लाकडी ठोकळे काचेच्या कपाटात ठेवलेत, कुलूप लावून. मुलांनी हात लावायचा त्या वस्तूंना कुलूप! तुम्हाला बालशिक्षण करायचं नाही, तुम्हाला माझा सण करायचाय. मला दरवर्षी हार घालायचा आणि घरी जाऊन गिळायचं.

शैलजाबाई सगळं ऐकून घेतात. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच त्यांना संताप येतो. ही बाई गेली तरी हिचं बोलणं जात नाही, असं त्यांच्या मनात येतं. तेवढ्यात पायाखालची फरशी मऊ होते.

अंगण आहे. कडुलिंब आहे, तोडलेला होता तो पुन्हा उभा आहे. खाली माठ सरळ ठेवलेला, तोंडावर ओलं फडकं. माठासमोर पाट, आणि पाटासमोर चिखलात दोन खळगे. वर्षानुवर्षं मुलांनी गुडघे टेकून टेकून पडलेले ते खळगे शैलजाबाई विसरून गेल्या होत्या. फरशी घातली तेव्हा बुजवले. पाटावर एक मुलगी ओगराळं धरून उभी आहे. आखूड झगा, विस्कटलेले केस, ही चंद्री. शैलजाबाईंची पापणी लवते तर दोन लाल रिबिनी, आणि ही करिश्मा. मुलगी एकच आहे, यात त्यांना काही चमत्कारिक वाटत नाही. तिच्यासमोर रांग आहे. मुलं येतात, खळग्यांत गुडघे ठेवतात, ओंजळ करतात. मुलगी पाणी घालते आणि अंबूताईंनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला विचारते, अजून? पिणाऱ्याने पुरे म्हणायचं, मग उठायचं. उन्हातली ती झेंडुकलीवाली मुलंही रांगेत आली आहेत. मंत्रीसुद्धा येतात, खुर्चीसकट गुडघे टेकतात, पितात आणि कुणाकडेही न बघता निघून जातात.

अंबूताई रांग सोडून सरळ पुढे होतात आणि तांब्या पुढे धरतात. "यात घाल."

मुलगी मान हलवते. "ओंजळ करा."

"मी ताई आहे."

"गुडघे टेका," मुलगी म्हणते.

अंबूताई टेकत नाहीत. तांब्या पुढे धरून तशाच उभ्या राहतात. ओठ कोरडे पडले आहेत, गळ्याची शीर हलते आहे, समोर पाणी आहे, आणि बाई ताठ उभी. हे उभं राहणं शैलजाबाईंनी कुठेतरी पाहिलं आहे. कुठे बरं? ऑफिसातल्या फोटोत. मंत्री गुडघ्यांवर, कलेक्टर गुडघ्यांवर, गावचे दोन पुढारी गुडघ्यांवर, आणि एका कडेला अंबूताई उभ्या, हातात तांब्या. इतके हार घातले त्या फोटोला, त्याच्यासमोर इतकी भाषणं केली, आणि तो तांब्या कधी नजरेत भरला नाही. शैलजाबाई इथे नोकरीला होत्या तेव्हाही तो तांब्या रोज सकाळी अंबूताईंच्या घरून यायचा, झाकलेला. टेबलावर असायचा. सगळ्यांना माहीत होता. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

"ताई, तुम्ही या माठातलं कधी प्यायलात?"

अंबूताई वळत नाहीत.

"एकदा तरी?"

"माझं पोट नाजूक होतं," अंबूताई म्हणतात.

शैलजाबाईंना हसू येतं. आधी बारीक, मग आवरेनासं. आयुष्यभर ज्या बाईला त्या टरकून होत्या, जिच्या नाकाच्या एका आवाजाने त्यांना जेवण गोड लागत नसे, ती ही बाई. साऱ्या गावाला चिखलात बसवलं, स्वतः कडेला कोरडी राहिली. शैलजाबाईंना तिची कीव येत नाही. किळस येते, आणि ती त्या तोंडावर बोलून दाखवतात.

"मंत्र्यांना गुडघे टेकायला लावलेत. आमच्या आयांना नावं ठेवलीत. आणि तुमचं पाणी घरून यायचं. शरम नाही वाटली?"

"कुणी पाहिलं नव्हतं," अंबूताई म्हणतात. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा लागतो. "मुलं लहान होती."

पाटावरची मुलगी त्यांच्याकडे बघते. आता ती चंद्री आहे.

"आम्ही पाहायचो," ती म्हणते. "आम्ही म्हणायचो, ताईंचं पाणी वेगळं असतं."

तिच्या बोलण्यात राग नाही, तक्रार नाही. आभाळ वर असतं, तसं ताईंचं पाणी वेगळं असतं. अंबूताईंच्या हातातला तांब्या खाली येतो. शैलजाबाईंना वाटतं, बरं झालं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं या बाईला. त्या मोठ्या समाधानाने साडीचा पदर सारखा करतात, आणि मुलगी त्यांच्याकडे वळते. लाल रिबिनी आहेत.

"बाई, तुमचं पण."

"काय माझं?"

"तुमचं पण पाणी वेगळं असतं." करिश्मा बाटलीकडे बोट करते. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. मोठ्या माणसांचं असं असतं, हे तिने धरूनच चाललेलं आहे. "बाई, आज माझा मान आहे ना?"

पोट नाजूक आहे हे वाक्य शैलजाबाईंच्या जिभेवर येऊन बसलं आहे. तेच ते, त्याच शब्दांत, आताच दुसऱ्या तोंडून ऐकलेलं. ते बाहेर पडू नये म्हणून त्या तोंड मिटून घेतात. मघाशी ताईंना जी शरम विचारली ती आता कानशिलांपर्यंत चढते. इतकी वर्षं या अंगणात काढली, आणि माठाचं पाणी थंड असतं हे त्यांना फक्त ऐकून ठाऊक आहे.

मागून नाकाचा तो आवाज येतो. "माझे गुडघे आता वाकायचे नाहीत," अंबूताई म्हणतात. "तुझे वाकतात अजून. की तेही नाजूक आहेत?"

शैलजाबाई चिखलाकडे बघतात. साडीकडे बघतात. मोतिया रंग, सकाळीच केलेली इस्त्री. मागे आया दिसत नाहीत पण बघत असणार, फोनवर फोटोही काढत असणार. एवढ्या वयाच्या मुख्याध्यापिकेने चार वर्षांच्या पोरीसमोर चिखलात बसायचं म्हणजे काय शोभा! त्या साडी थोडी वर धरतात, मग सोडून देतात, आणि एकेक गुडघा खळग्यात ठेवतात. खळगे लहान आहेत. ओलावा लगेच कापडातून आत येतो. त्या ओंजळ करतात, आणि ओंजळ करताच मान आपोआप खाली जाते. वर कोण उभं आहे ते मग दिसत नाही, फक्त हात आणि पाणी दिसतं.

पाणी येतं. गार आहे, मातीच्या वासाचं. बोटांमधून गळतं, कोपरांवरून ओघळतं, हनुवटीवरून खाली जातं.

"अजून?" करिश्मा विचारते.

"अजून."

किती वेळ पितात ते त्यांना कळत नाही. पुरे म्हणण्यासाठी मान वर करतात तेव्हा कडेला अंबूताई उभ्या दिसतात, रिकामा तांब्या छातीशी धरून. त्या पाण्याकडे बघत आहेत. कपाळावर आठी आता नाही.

"कसं लागतं गं?" त्या विचारतात.

शैलजाबाई सांगायला तोंड उघडतात. कट्.

पंखा. छत वर आपल्या जागी गेलेलं. खिडकीतून उतरतं ऊन आलेलं आणि बाहेर भंगारवाला ओरडत चाललेला. शैलजाबाई उताण्या पडल्या आहेत, घसा कोरडा आहे, मान अवघडली आहे. त्या उठून बसतात आणि स्वतःवरच वैतागतात. दुपारी झोपलं की असंच होतं, त्यात सकाळचं वांगं. स्वप्नात काय वाटेल ते दिसतं. म्हातारी जिवंतपणी बोलून गेली ते कमी झालं का. सभेला अजून थोडा अवकाश आहे. पालकहो, काळ बदलला आहे. हां, आठवतं आहे सगळं.

साडी बघावी म्हणून त्या आरशासमोर जातात. इस्त्री शाबूत आहे, निऱ्या नीट आहेत. फक्त दोन्ही गुडघ्यांवर एकेक वाटोळा डाग आहे. चिखलाचा. त्या बोट लावून बघतात. ओला आहे, गार आहे, आणि बोट लावल्याने पसरतो.

शैलजाबाई कपाट उघडतात. दुसऱ्या साड्या आहेत, इस्त्रीच्या, एकावर एक. एक हिरवी बाहेर काढतात, खांद्यावर टाकून बघतात. आया काय म्हणतील ते त्यांना आताच ऐकू येतं. मॅडम, हे काय झालं हो साडीला? चिन्मयची आई तर कळवळून विचारेल, पर्समधून ओला रुमालही काढून देईल. विचारू दे. तिला सांगायलाच हवं काय झालं ते, सगळ्यांसमोर. साडी बदलली तर कुणी विचारणारच नाही, आणि आपण उठू आणि पालकहो म्हणू, हे त्या स्वतःला चांगल्या ओळखून आहेत. त्या हिरवी साडी परत कपाटात ठेवतात.

माठ शाळेच्या मागच्या दारी पालथा आहे. तो धुवून, भरून, सभेआधी जागेवर आणायला हवा, आणि त्याला वेळ लागणार. सोमवारी करिश्माचा मान आहे. रांगेत सगळ्यात आधी कुणी उभं राहायचं तेही ठरवायला नको, ठरलेलंच आहे. बाई चपला घालतात, कुलूप लावतात, जिना उतरतात. निम्म्या जिन्यात त्यांच्या लक्षात येतं की बाटली उशाशीच राहिली. त्या जरा थांबतात, आणि तशाच पुढे निघतात.